ढिल्या न केलेल्या दोन आट्यांविषयी

“तात्यांनी जुन्या फटफटीच्या हिशेबानं माझ्या गाडीचे रॉड पिळून ठिवले. इंजिन गपगार. मग मंचरहून मिस्त्री आला, त्यानं दोन आटे ढिले केले, आन गाडी पयल्या झटक्यात चालू. तात्यांचं आता वय झालं, राव.”

माझा पुतण्या ही हकिकत जेवायला बसेल त्या प्रत्येक घरी सांगतो. मी पंगतीत असलो तर जरा अधिक रंगवून सांगतो. तीत एकच विधान निर्विवाद आहे, ते म्हणजे माझे वय झाले आहे. बाकीच्यांचा समाचार घेणे मला भाग आहे, कारण या हकिकतीच्या आधारावर माझ्या पान्यांची पेटी ‘सांभाळायला म्हणून’ त्याच्या कपाटात कुलूपबंद झाली आहे. माझी स्वतःची फटफटी, जिच्या इंजिनाला आजवर माझ्याशिवाय कोणाचा हात लागलेला नाही, तीही त्याच मिस्त्रीकडे द्यायचे घरात परस्पर ठरले आहे. गाडी माझी, पाने माझे, आणि त्यांना हात लावायची परवानगी मात्र पुतण्याकडे मागायची, अशी ही व्यवस्था आहे. मी ती मान्य केलेली नाही.

माझ्या उमेदीची वर्षे शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली. त्या सवयीने आधी यंत्र समजावून सांगतो.

माझ्या जुन्या इंजिनात खाली कॅम फिरतो, त्याच्यावर पोलादाचा एक भरीव ठोकळा बसतो, आणि ठोकळ्यावर उभा असलेला पुशरॉड वरचा व्हॉल्व्ह उघडतो. तिथे इंजिन गार असताना रॉड दोन बोटांत वातीसारखा वळला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. पुतण्याची गाडी निराळी. टोमॅटोने हात दिला त्या वर्षी त्याने पुण्याहून कोणाची तरी वापरलेली, दोन सिलिंडरची परदेशी धिप्पाड गाडी आणली. तिच्यात भरीव ठोकळ्याच्या जागी हायड्रॉलिक लिफ्टर असतो, म्हणजे तेलाने भरलेली एक लहानशी वाटी आणि तिच्यात वरखाली सरकणारा दट्ट्या. इथे रॉडच्या टोकाचा स्क्रू फिरवून त्याची लांबी वाढवत तो टेकवायचा, आणि टेकल्यावरही ठरलेले आटे पुढे फिरवून दट्ट्याला खाली दाबायचे. वाटीतले तेल लगेच हटत नाही. तोवर रॉड पहारेसारखा ताठ राहतो आणि व्हॉल्व्ह उघडाच धरून ठेवतो. मग तेल हळूहळू पाझरते, दट्ट्या बसतो, व्हॉल्व्ह मिटतो आणि रॉड बोटांत फिरू लागतो. तो फिरेपर्यंत इंजिन फिरवायचे नाही. विद्या एवढीच आहे. बाकी सगळे थांबणे आहे.

हा फरक मला ठाऊक नव्हता, असे माझा पुतण्या लोकांना सुचवतो. गाडीबरोबर आलेले जाडजूड पुस्तक मी भिंग लावून वाचले होते. तो त्या पुस्तकावर हेल्मेट ठेवत असे.

तो दिवस आणे गावच्या यात्रेचा होता, जिथे आमटी-भाकरीचा प्रसाद असतो. जुन्या लिफ्टरांची टिकटिक वाढली होती, म्हणून नवे आणले होते, आणि ते बसवण्याचे काम त्यानेच मला सांगितले होते, हेही त्याच्या हकिकतीतून गळाले आहे. कांद्याच्या रिकाम्या चाळीत गाडी उभी केली. पुढच्या सिलिंडरचे दोन्ही रॉड लावले, थांबलो, ते बोटांत फिरल्यावरच मागचे चाक फिरवून दुसरा सिलिंडर जागेवर आणला. त्याचेही रॉड लावून स्क्रू जखडणारे नट आवळले आणि पुतण्याला सांगितले,

“आता हात लावू नकोस. रॉड फिरला की मी सांगेन.”

“किती येळ लागंल, तात्या?”

“ते तेल ठरवील.”

“मग तेलाला सांगा, तिकडं आमटी संपत आली म्हणून.”

त्याच्याबरोबर यात्रेला निघालेले त्याचे मित्र हसले. एक जण म्हणाला, “तात्यांची शाळा सुटल्याबिगर आपली सुटका न्हाई, भाऊ.” मी मोरीवर हात धुवायला गेलो. हातांचे काळे वंगण आधी रॉकेलने काढले, मग साबण लावला असेल नसेल, तोच स्टार्टर कण्हल्याचा आवाज आला.

माझ्या माघारी त्याने प्लग बसवले होते, रॉडांना झाकणाऱ्या नळ्या खाली ओढून क्लिपा लावल्या होत्या आणि बटण दाबले होते. पुढचा सिलिंडर भकभक करत पेटत होता. मागच्याचे व्हॉल्व्ह अजून उघडे, त्यामुळे तो नुसती हवा खात होता. मी फेसाळलेल्या हातांनी चावी काढून घेतली. तो म्हणाला, “तुमी लई पिळलंय, तात्या.” मी म्हणालो, थांब. त्याने फोन काढला आणि मंचरच्या मिस्त्रीला बोलावले. माझ्या देखत, माझ्या चाळीत. त्यावर मी जे बोललो ते लिहिण्याजोगे नाही. चावी त्याच्या अंगावर फेकली आणि ओट्यावर जाऊन त्यांच्याकडे पाठ करून बसलो.

माझ्या विरोधकांचा भक्कम मुद्दा एवढाच आहे. मिस्त्रीने काय केले ते मी पाहिले नाही.

मंचर ते आमचे कळंब अंतर फार नाही, पण मिस्त्री हातातले काम उरकून, वाटेत चहा घेऊन आला. तेवढा वेळ लिफ्टर आपले काम करतच होते. मंडळींच्या सांगण्याप्रमाणे त्याने मागच्या नळ्या वर सरकवल्या, आत पाना घातला, काहीतरी पुटपुटला, नळ्या पुन्हा लावल्या आणि बटण दाबले. इंजिन लागले. मला ऐकू जावे अशा आवाजात तो म्हणाला, “दोन्ही रॉड दोन-दोन आटे ढिले केले. तात्या, हायड्रॉलिकला एवढं पिळायचं नसतं.” मंडळी आळेफाट्याच्या दिशेने निघून गेली. त्या घटकेला गाडीला नुसते लिंबू बांधले असते तरी ती लागली असती. हे मी पुष्कळांना सांगितले. ऐकणाऱ्याला लिंबाची गंमत वाटते, लिफ्टरपर्यंत कोणी पोचत नाही.

मग खोडदला पुतण्याच्या मुलीचा साखरपुडा झाला. जेवणानंतर मांडवात त्याने हकिकत पुन्हा काढली. नवे व्याही तोंडातली सुपारी चघळत माझ्याकडे वळले.

“खरं का ओ, तात्या?”

“गाडी दारात उभी आहे. उघडून पाहू.”

“पावण्यांसमोर कशाला, तात्या?” पुतण्या म्हणाला.

“पाहुण्यांसमोर सांगितलंस ना? मग पाहुण्यांसमोरच उघडू. आधी एवढं सांग, मिस्त्रीनंतर हे इंजिन कोणी उघडलं?”

“कुनीच न्हाई. गरजच काय पडली? त्यानं काम चोख केलंय.”

हे त्याचे शब्द मांडवातल्या सगळ्यांनी ऐकले. तो मला लटका पाडण्यासाठी ते ठासून बोलला, म्हणून त्यांची किंमत अधिक आहे. नळीची क्लिप काढायला एक स्क्रूड्रायव्हर पुरतो. तो व्याह्यांनी घरातून आणवला. मी गाडीला बोटसुद्धा लावले नाही. पुतण्याला म्हणालो, तूच काढ, आणि व्याही वाकून पाहतील.

बैलांच्या शिंगांना लावायचा ऑइल पेंट पोळ्यानंतर डब्याच्या तळाशी थोडा उरतो. तो मी दरवर्षी नटांसाठी ठेवतो. नट आवळून झाला की खालच्या रॉडवरून नटावर आणि नटावरून वरच्या स्क्रूवर काडीने एक बारीक तांबडी रेघ ओढायची, ही माझी रीत आहे. ओली असताना नटाला कोणी पाना लावून फिरवले तर ती फिसकटते. वाळल्यावर केसभर फिरवले तर ती तडकते, आणि तडकलेली रेघ ब्रह्मदेवालाही सांधता येत नाही. त्या दिवशी चाळीत नट आवळल्याबरोबर, हात धुवायला जाण्याआधी, मी ती ओढली होती.

पुतण्याने मागच्या दोन्ही नळ्या वर सरकवल्या. दोन्ही रॉडांवर रेघ खालपासून वरपर्यंत सलग होती.