साचेवाल्या मॅडम

साचेवाल्या मॅडम रोज थोडा वेळ संगणकाचा पडदा बंद करून काम करायच्या. कानाला हेडफोन, बोटं कीबोर्डवर आणि समोर नुसता काळा पडदा. कॉलेजात नवीन आलेल्या पोरांना वाटायचं, लाईन गेली. कुणीतरी उठून मेन स्विच बघायला निघायचं. मॅडम हातानंच त्याला खाली बसवायच्या. "लाईन आहे बाबू. मी ऐकून राह्यली."

दारव्ह्याच्या त्या कॉलेजात संगणक शिकवायला आम्ही दोघीच होतो. मी वयानं बरीच लहान. मॅडम जवळच्याच तांड्यातल्या. आईशी, म्हणजे त्यांच्या याडीशी, फोनवर बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलायच्या, वर्गात पुस्तकी मराठीत आणि चिडल्या किंवा हसल्या की वऱ्हाडीत. शाळा, वाचनालयं, छोटी साप्ताहिकं यांना स्वतःची वेबसाईट करता यावी म्हणून त्यांनी एक तयार साचा बनवला होता. आपला मजकूर टाकला की साईट उभी. साचा फुकट होता आणि त्याचा कोडही खुला. कुणीही घ्यावा, सुधारावा, सुधारलेला परत द्यावा. पुण्याकडची, कोल्हापूरकडची काही मंडळी ईमेलवरून मदत करायची. त्यांना आम्ही कधी पाहिलं नव्हतं. साच्यात एक दुरुस्ती केली की ती सगळ्या साईटींवर आपोआप पोचायची. सोय तीच आणि भीतीही तीच.

पडदा बंद करायची सवय त्यांना शेषरावभाऊंमुळे लागली. शेषरावभाऊ जन्मापासून आंधळे. यवतमाळला एका कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर होते. त्यांच्या संगणकात पडद्यावरची अक्षरं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर होतं, ते त्याला मशीन म्हणायचे. मूळ गाव महागावकडलं, त्यामुळे तिकडच्या साप्ताहिकावर त्यांचा जीव. ते साप्ताहिक आमच्याच साच्यावर चालायचं. एक दिवस त्यांचा फोन आला.

"मॅडम, तुमच्या साईटीवर मशीन मले निस्तं चित्र, चित्र म्हणते. बातमी कुठं हाय?"

त्या काळी मराठी अक्षरं प्रत्येक संगणकावर सारखी उमटत नसत. म्हणून आम्ही मथळे आणि बातम्याही चित्रं करून टाकायचो. डोळ्यांना सगळं नीट दिसायचं. मॅडमनी फोन ठेवला, तेच वाचायचं मशीन आमच्या संगणकावर चढवलं आणि पडदा बंद केला. त्या दिवशी जेवणाची सुट्टी झाली तरी त्या उठल्या नाहीत.

कित्येक महिने खपून त्यांनी साचा बदलला. चित्रांच्या जागी खरी अक्षरं आणली, जुन्या अंकांतला मजकूरही बसवून दिला. एका सोमवारी तो सगळ्या साईटींवर सोडला. मंगळवारी दुपारी महागावच्या साप्ताहिकाचे संपादक दारात उभे. त्यांनी आपलं पान वर्षानुवर्षं हातानं जुळवत आणलं होतं, आणि नव्या अक्षरांनी ते सगळं विस्कटलं होतं. बियाण्याच्या दुकानाची जाहिरात एका शेतकऱ्याच्या आत्महत्येच्या बातमीवर जाऊन बसली होती. कापूस बुडत होता त्या वर्षांत अशी बातमी प्रत्येक अंकात असायची. आम्ही नाव वाचायचो, गाव वाचायचो आणि खाली कापसाच्या भावांकडे वळायचो. सगळेच तसं करायचे. काही वाटायचं बंद झालं होतं.

संपादक आवाज न चढवता म्हणाले, "मॅडम, त्या घरचे लोक हे पान पाहून राह्यले असतील. मी त्यायले काय तोंड दाखवू?"

मॅडमनी त्यांच्यासमोरच बदल मागे घेतला. पान पूर्वीसारखं झालं. संपादक पाणी पिऊन गेले.

बुधवारी शेषरावभाऊंचा फोन आला. तो मीच उचलला आणि मॅडमना ऐकू जावा म्हणून स्पीकर लावला.

"काल सगळं ऐकू आलं होतं. आज पुन्हा चित्र, चित्र. बंद केलं काय?"

मॅडमनी साप्ताहिकाची अडचण सांगितली. शेषरावभाऊ म्हणाले, "आमच्या हापिसातला एक जण मले पेपर वाचून दाखवते. चांगला माणूस हाय. काल मशीननं वाचलं तवा समजलं, माझ्या सोबत शिकलेला नामदेव गेला. मागच्याच महिन्यात. वाचणाऱ्यानं ती बातमी गाळलती. मले वाईट वाटन म्हणून." आणि शेवटी, "मॅडम, वाईट बातमी बी माझी मले वाचू द्या."

मॅडम "हो भाऊ" एवढंच म्हणाल्या.

ईमेलवर मग मोठं भांडण जुंपलं. पुण्याच्या एका पोराचं म्हणणं, बदल योग्य आहे, मोडतील त्या साईटी मोडू द्या, मालक दुरुस्त करतील. दुसरे म्हणायचे, चालत्या साईटींना हात लावायचा आपल्याला हक्क नाही, नव्यांसाठी काय ते करा. मी मॅडमना विचारलं, तुम्ही कुणाच्या बाजूच्या? त्या म्हणाल्या, "दोघंही खरं बोलून राह्यले. एक जरी खोटा असता तर सोपं झालं असतं."

शेवटी त्यांनी साच्यात एक खटका ठेवला. नवी साईट उघडली की ती ऐकू येणारीच उघडेल. जुनी आहे तशी राहील. मालकानं खटका दाबला तरच बदलेल. पुण्याच्या पोरानं लिहिलं, कुणीही दाबणार नाही. मॅडमनी उत्तर दिलं, "मी जाऊन दाबून घेईन."

आणि त्या खरंच जायला लागल्या. रविवार आला की पिशवीत डबा आणि पाण्याची बाटली घालून काळीपिवळी जीपमध्ये बसायच्या. कधी मीही जायचे. दोन्ही बाजूंना कापसाची शेतं, बोंडं फुटलेली किंवा जळालेली. जीपमध्ये कुणी त्याबद्दल बोलत नसे. ज्या शाळेत, ज्या वाचनालयात साईट असेल तिथे जाऊन मॅडम आधी चहा घ्यायच्या, मग खटका दाबायच्या आणि जे जे मोडलं ते तिथंच बसून नीट करायच्या. "मोडणार आहे हे आधी सांगायचं," असं त्या मला बजावायच्या. "लोक मोडण्याले भेत नाहीत. न सांगता मोडलं की चिडतात."

महागावच्या संपादकांनी मात्र दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्या खेपेला मॅडम हेडफोन घेऊन गेल्या. संपादकांना त्यांच्याच खुर्चीवर बसवलं, त्यांचंच पान उघडलं आणि पडदा बंद केला. संपादक ऐकत राहिले. मशीन म्हणत होतं, चित्र, चित्र, चित्र. बऱ्याच वेळानं त्यांनी हेडफोन काढला.

"माझ्या पेपरात एवढंच हाय?"

"ज्याले दिसत नाही त्याच्यासाठी एवढंच," मॅडम म्हणाल्या.

त्या दिवशी आम्ही तिघांनी मिळून पान पुन्हा जुळवलं. शेवटची जीप जेमतेम मिळाली.

पुढच्या उन्हाळ्यात मॅडमच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं कळलं. यवतमाळला डायलिसिस सुरू झालं. शेषरावभाऊ डबा घेऊन दवाखान्यात यायचे. दोघं साच्याबद्दलच बोलत बसायचे. पावसाळा संपता संपता मॅडम गेल्या. मी तांड्यावर गेले, याडीजवळ बसले, परत आले, दुसऱ्या दिवशी तास घेतले. मला रडू आलं नाही. पोरं काय विचारत होती, मी काय सांगत होते, काही आठवत नाही. त्या वर्षात इतक्या घरी बसायला गेले होते की हेही त्यातलंच एक झालं.

महिन्याभरानं पुण्याच्या पोराचं ईमेल आलं. आता जुन्या साईटी फारशा उरल्या नाहीत, खटका काढून सगळ्या एकदम बदलू, असं त्याचं म्हणणं. मी यादी पाहिली. ज्यांची संस्थाच बंद पडली होती त्या साईटी सोडल्या तर ढाणकीची एक शाळा तेवढी राहिली होती; तिथे येते म्हणून मॅडमनी कबूल केलं होतं. मी लिहिलं, जरा थांब, मी जाऊन येते.

उमरखेडपर्यंत एसटीनं गेले, पुढे जीप. मुख्याध्यापक फाटकाशीच उभे होते. त्यांनी माझ्या मागं पाहिलं.

"मॅडम नाही आल्या?"

"त्या गेल्या," मी म्हटलं.

"कुठं? बदली झाली काय?"

"वारल्या," मी म्हटलं. हा शब्द मी तोवर तोंडातून काढलाच नव्हता.

त्यांनी मला ऑफिसात नेलं, पंखा लावला, पाणी दिलं. मग म्हणाले, "आज राहू द्या काम."

"नको. आलेच आहे तर करून घेऊ. आधीच सांगते, पान मोडेल. मग आपण ते नीट करू."

मी संगणकासमोर बसले. त्यांनी दुसरी खुर्ची ओढून माझ्या शेजारी आणली.

"मग मले बी शिकवून ठेवा," ते म्हणाले. "पुढच्या खेपेले तुम्ही बी नाही आल्या तर?"

मी उठले आणि त्यांना माझ्या खुर्चीवर बसवलं.