औंढ्याचा व्हिडिओ आणि होस्टिंगची टाकी

वेबसाइट बनवणाऱ्या माणसाला किस्से शोधायला कुठे जावं लागत नाही. गिऱ्हाईक ते फोनमध्ये भरून स्वतःच घेऊन येतं. वडगाव मावळला मी आणि माझा भागीदार सलीम एका लहानशा खोलीत बसून हे काम करतो, आणि आमचे निम्मे किस्से एकाच वेबसाइटचे आहेत. औंढे गावच्या सुनंदामावशींच्या.

मावशींनी घरामागे पाहुण्यांना राहायला तीन खोल्या बांधल्या. त्यांचे यजमान, म्हणजे आबा, यांना हा उद्योग पहिल्यापासून नामंजूर. त्यांनी चारचौघांत सांगून टाकलं होतं, "दिवाळीपतुर खोल्या भरल्या तर ठीक. न्हाईतर नवा भात आला की पोती तितंच टाकनार." मावशी हे हसत हसत सांगायच्या. पण खिडक्यांचे पडदे त्यांनी स्वतः शिवले होते, त्यामुळे आम्हीही ते मनावर घेतलं.

*

मावशींना साइटवर गावाचा व्हिडिओ हवा होता, पण होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा, घेतली ती सगळ्यात लहान. सलीमने मावशींना समजावलं, "ही गच्चीवरची टाकी समजा. महिन्यातून एकदाच भरते. कुणी व्हिडिओ पाहिला की नळ सुरू."

"पुरंल की. गिऱ्हाइकांनी बघायचा, आमाला काय करायचाय?" मावशी म्हणाल्या.

फुकटात व्हिडिओ ठेवता येतो अशा मोठ्या साइट असतात, तिथे टाकू, असं मी सुचवलं. मावशींनी ते आधीच बघून ठेवलं होतं. "तितं आपला संपला की लगेच लोनावळ्याचं रिसॉर्ट दावत्यात. आपल्या पंगतीत दुसऱ्याचं जेवान कशाला वाढायचं?" मग व्हिडिओ आपल्याच टाकीतून दाखवायचं ठरलं.

*

शूटिंग मावशींनी स्वतःच केलं. पाऊण तासाचं. वेशीपासून घरापर्यंत चालत, मधूनच फोन स्वतःकडे वळवत, वाटेत भेटेल त्याच्याशी बोलत. सलीम म्हणाला, यातलं एक मिनिट पुरे. मावशींचा चेहरा उतरला.

"दूधवाल्या कुसुमला काढली तर ती उद्या दूध द्यायची न्हाई. सरपंचबाई तर ठेवायलाच लागतील. आन् ह्यो आमचा चुलतदीर, त्याला अर्धाच दावला तर लग्नाला बोलवायचा न्हाई."

चांगल्या कॅमेऱ्याने फाइल मोठी होते असं म्हणतात. औंढ्यात ती रीतीभातीने होते. सगळा गाव राखून आम्ही कसेबसे दहाएक मिनिटांवर आलो.

*

तेवढ्यानेही टाकी चार दिवसांत संपली असती, म्हणून सलीमने फाइल दाबून दाबून लहान केली. चित्र इतकं पुसट झालं की मावशींनी विचारलं, "ही मी का म्हैस?" आम्ही बदलणार, तेवढ्यात त्यांना पुण्याच्या एका बाईंचा फोन आला.

"तुमच्याकडे काय सुंदर धुकं आहे हो!"

मे महिना होता, बाहेर ऊन रणरणत होतं. मावशींनी फोनवर हात ठेवून आमच्याकडे पाहिलं, मग म्हणाल्या, "सकाळच्याला असतं कदी कदी."

ती मंडळी येऊन राहून गेली. धुक्याबद्दल एकही तक्रार नाही. मावशींनी रात्री इतकं वाढलं होतं की सकाळी लवकर कुणी उठलंच नाही.

*

पान उघडलं की व्हिडिओ आपोआप सुरू व्हावा, आवाजासकट, ही सलीमची हौस. तळेगावच्या एका साहेबांनी ऑफिसात मीटिंग चालू असताना हळूच साइट उघडली. खोलीभर मावशींचा आवाज घुमला, "अय, म्हशीला आत घ्या आदी!"

साहेबांनी रागाने फोन केला. मावशींनी शांतपणे विचारलं, "मंडळी हसली का?"

"सगळे हसले!"

"मग समद्यांनाच घेऊन या की."

साहेबांचा राग गेला, पण आलं कुणी नाही. सलीमने त्या दिवशीच आवाज बंद केला.

*

श्रावणात, ऐन हंगामात, साइट बंद पडली. टाकी रिकामी! एवढ्या लोकांनी पाहिलं म्हणून सलीमने पेढे आणले. पेढा तोंडात असतानाच मी बघणारे कुठले ते तपासलं. सगळे औंढ्याचे.

देवळात सप्ताह बसला होता. कीर्तन संपून पंगत बसेपर्यंत कुणीतरी रोज आमची साइट तिथल्या टीव्हीवर लावत होतं. सगळा गाव व्हिडिओत, मग सगळा गाव बघणारच. कुसुम दूध घालून उशिरा यायची, तिच्यासाठी तर रोज पुन्हा पहिल्यापासून.

इकडे पाहुण्यांचे फोन थांबले. आबा टेप घेऊन खोल्या मोजताना मावशींना दिसले. मावशी आमच्याकडे आल्या आणि पहिल्यांदाच न हसता बसून राहिल्या. मला फार वाईट वाटलं.

*

व्हिडिओ लहान करायचा तर माणसं काढावी लागणार होती. मावशी म्हणाल्या, "एकाला काढलं तर रुसंल. समद्यांनाच काढा."

समदे काढल्यावर उरले फक्त आबा. त्यांच्या रुसण्याची मावशींना सवय होती. शूटिंग चालू असताना ते मधेच येऊन कावले होते, "ते बंद कर आदी. दारात मानूस हुबा हाय, त्याला पानी दे." तेवढंच ठेवलं, आवाज परत चालू करून. चित्र स्वच्छ आलं आणि टाकी महिनाभर पुरून उरली.

फोन पुन्हा वाजायला लागले. सगळ्यांचा प्रश्न एकच, "ते आबा असतील ना?" मावशी म्हणायच्या, "हायेत की."

दिवाळीला आम्ही फराळाला गेलो. नवा भात घरात आला होता. पोती पडवीत एकावर एक रचलेली, आणि तिन्ही खोल्यांपुढे चपलांची गर्दी. तेवढ्यात आबांच्या लेकीचा सासरहून, टाकव्याहून फोन आला, शनिवारी दोन दिवस राहायला या म्हणून.

आबांनी एकदा त्या चपलांकडे पाहिलं आणि आवाज हळू केला.

"न्हाई जमायचं, बाय. शनवार-रयवार आमाला सुट्टी नसती."