दामूचा सदरा

माझा थोरला दामू धर्मातून गेल्याची बातमी ठाण्यात पहिल्यांदा मीच पसरवली. त्या वेळी तो आमच्याच माळ्यावर बसून चिंचा खात होता.

आता नातवंडं मला फार शहाणी समजतात. (समजोत बापडी!) पण तिशीतली मी त्यांनी पाहिलेली नाही. घरात कुणाला शिंक आली तरी तिच्यामागचं कारण मला ठाऊक असायचं. नसलंच तर मी ते तयार करायची.

दामू तेव्हा चौदाचा. इंग्रजी शाळेत जाऊ लागलेला, आवाज फाटलेला. त्या उन्हाळ्यात त्याने सदरा काढणंच सोडलं. आमच्याकडे पुरुषांची आंघोळ, संध्या, जेवण सगळं उघड्या अंगाने. शिवलेलं कापड घालून पंगतीला बसायची सोय नव्हती. दामू रोज नवी सबब काढी. "आई, अंगात कसर वाटतेय, मी मागाहून जेवतो." "आई, पाठीला उठलंय." तळ्यावर पोहायला जाणं बंद, विहिरीवरची आंघोळही बंद. न्हाणीचं दार लावून, आतून पाट टेकवून आंघोळ! मुलगी असती तर जवळ घेऊन विचारलं असतं, काय होतंय गं बाई? मुलगा होता, म्हणून नुसता संशय घेतला.

"सदऱ्याखाली असं आहे तरी काय?" मी सासूबाईंना विचारलं.

"अंग असतं," तांदूळ निवडता निवडता त्या म्हणाल्या.

"आणि अंगावर?"

"अंगावर काय, जानवं..." त्यांचा हात सुपातच थांबला. "अगं बाई!"

झालं! दामूने जानवं टाकलं! इंग्रजी शाळा, बंद दार, चुकवलेली संध्या, सगळं कसं चपखल बसलं. पाव-बिस्किटं खाऊन केव्हाच बाटला असणार! शेजारच्या यमुनाकाकूंच्या कानात मी हे अगदी गुप्तपणे घातलं. (त्यांच्या कानात गुप्त घातलं की दवंडीची गरज उरत नसे.) संध्याकाळी मासळीची पाटी घेऊन निघालेली कोळीण आमच्या दारावरून जाताना मुद्दाम थांबली. आमच्या घरात कधी मासळी शिजली नव्हती!

"वयनी, तुमचा पोरगा सायेब झाला म्हनं?"

एवढ्यात श्रावणी आली. वर्षातून एकदा साऱ्या पुरुषांनी एकत्र, उघड्या अंगाने बसायचं, जुनं जानवं उतरवायचं, नवं घालायचं. त्या साली आळीची श्रावणी आमच्याच पडवीत होती. सासूबाईंचे भाऊ, कल्याणचे वैद्यमामा, आगगाडीने मुद्दाम आले होते. भटजींनी समिधा मांडल्या. सगळे बसले, आणि दामू माळ्यावर!

मी शिडीखाली उभी राहिले. "उतर खाली!"

"मला बरं नाही, आई."

"उतरतोस की मी येऊ वर?" (नऊवारी नेसून मी शिडी चढले असते, तर ती एक वेगळीच गोष्ट सांगावी लागली असती.)

तो उतरला. सदरा दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "आई, जानवं आहे गं. तू आत चल, तुला एकटीला दाखवतो."

त्या वेळी मी आत गेले असते तर? पण मी आत कशी जाईन! पडवीभर माणसं होती, दाराआड यमुनाकाकू होत्या, आणि मला जिंकायचं होतं.

"एकटीला कशाला? लपवायचं काही नसेल तर दाखव सगळ्यांना!"

त्याने माझ्याकडे नुसतं बघितलं आणि सदरा काढला.

जानवं होतं. बापाच्या जानव्यापेक्षा पांढरंशुभ्र होतं! आणि त्याच्याखाली, सासूबाईंच्या जुन्या लुगड्याची पट्टी छातीभोवती करकचून आवळलेली. शिडीवरून उतरताना ती सैल झाली होती, ती घसरली. पोराची छाती दोन्ही बाजूंनी सुजल्यासारखी वर आलेली, कडेने पट्टीचे लाल वळ. भटजी गोंधळून पुन्हा पहिल्या मंत्रावर गेले. मागे कुणी तरी खुसकन हसलं.

वैद्यमामा उठले आणि दामूच्या पुढ्यातच उभे राहिले. त्यांच्या विस्तारामागे पोरगं दिसेनासं झालं.

"त्यात काय हसायचंय रे? मिसरूड फुटायच्या वयात पुष्कळ पोरांना होतं हे. मलाही झालं होतं. वर्षा-दोन वर्षांत आपसूक ओसरतं. दामू, ती पट्टी टाक आधी, मोकळा श्वास घे." मग स्वतःच्या छातीवर थाप मारून म्हणाले, "माझं ओसरलं नाही, ते आमच्या ताईच्या लाडवांमुळे!"

सगळी पडवी हसली. दामू हसला नाही.

दुसऱ्या दिवशी मी फर्मान काढलं : जेवताना प्रत्येक पुरुषाने अंगभर धुतलेलं उपरणं घ्यायचं. इकडची स्वारी घामाने निथळत म्हणाली, "अगं, तपासणी दामूची केलीस, शिक्षा आम्हाला का?" मी ऐकलं नाही. दामू पंगतीला बसू लागला. खाली मान घालून जेवायचा आणि उठायचा.

मामा म्हणाले तसं ते पुढे ओसरलं. पण "आई, तुला एकटीला" असं त्याने मला पुन्हा कधी म्हटलं नाही. त्याला मुंबईत नोकरी लागली, ते मला यमुनाकाकूंकडून कळलं!

आता दामूला स्वतःला मुलं आहेत आणि मामांसारखंच पोट आहे. सुटीत आला की ओटीवर उघडा बसून गप्पा छाटतो. मी काठी टेकत बाहेर आले, की अंगठ्यावर जानवं उचलून ओरडतो, "आई, आहे बरं का!" सगळे हसतात. मीही हसते. दुसऱ्या हाताने तो खांद्यावरचं उपरणं छातीवर ओढून घेतो, तेवढं कुणाच्या लक्षात येत नाही.

मला दिसतं. मोतीबिंदू झालाय, सुईत दोरा ओवता येत नाही, पण हे मात्र लख्ख दिसतं. आणि डोळे चांगले धडधाकट होते, तेव्हा दिसला काय, तर सदरा!