झोपेतला होकार

गेलेल्या माणसाबद्दल वाईट लिहू नये, असं म्हणतात. हा नियम पाळायचा तर माझ्या दादाबद्दल मला एक ओळही लिहिता येणार नाही. दादा गेल्याची बातमी आली तेव्हा मी शाळेत चौथीच्या मुलांना भागाकार शिकवत होते. दादा ज्या गलबताचा तांडेल, म्हणजे म्होरक्या, होता, त्यावरचा खलाशी दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, तांडेल जेवान निजलो, तो उठलोच नाय." गलबत बंदरात नांगरलेलं, समुद्र शांत, दुपारची वेळ... आणि दादा झोपेत गेला. मी घरी येऊन वहिनीला सांगितलं, तर ती रडली नाही. तिनं दोन्ही हातांनी स्वतःच्या थोबाडीत मारायला सुरुवात केली. ओठ फुटला तरी थांबेना. शेजारच्या दोघींनी आणि मी मिळून तिचे हात धरले. दुःखानं असं होतं, असं आम्ही एकमेकींना सांगितलं.

दादा दारू प्यायचा. सरकारची दारूबंदी होती खरी, पण ती कागदावर. गोवा अजून फिरंग्यांकडे होता आणि काजूची फेणी मालवणात यायची ती यायचीच. गलबतावर असताना त्याच्यासारखा तांडेल नव्हता, वारा आणि दोर दोन्ही त्याचं ऐकायचे. घरी आला की त्याचं कोणी ऐकत नाही असं त्याला वाटे आणि मग मारझोड सुरू होई. उकळत्या पेजेचं मडकं त्यानं एकदा चुलीवरून उचलून वहिनीच्या पायावर फेकलं. माझा वरचा एक दात नाही, तो मी विहिरीवर पडून गेला असं शाळेत सांगते. तो दादाच्या मुठीनं गेला आहे. वहिनीचा डावा हात त्यानं वल्ह्यानं मोडला. वैदूनं बसवला, पण तो वाकडाच बसला. आणि एकदा, ती सहा महिन्यांची गरोदर असताना, जेवणात मासा खारट झाला म्हणून त्यानं तिच्या पोटात लाथ मारली. मूल त्याच दिवशी गेलं. मुलगा होता. मी त्याला फडक्यात गुंडाळला, दादा पडवीत बसून बघत होता. त्या दिवशी माझ्या हातात कोयता होता आणि मी तो वापरला नाही, याचं मला आजही कधीकधी वाईट वाटतं.

मूल गेल्यावर तिसऱ्या दिवशी दादा आपणहून देवळात गेला. आमच्याकडे देवाला सांगायचं ते गाऱ्हाण्यातून. गावकरी देवासमोर उभा राहून "बा देवा म्हाराजा" म्हणून एकेक मागणं घालतो आणि जमलेले सगळे प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. पाच वर्षांचा असल्यापासून दादाचा होकार गावात सगळ्यांत मोठा. त्या दिवशी गावकऱ्यानं त्याच्यासाठी गाऱ्हाणं घातलं, ह्यापुढे थेंब घेणार नाही, आणि दादानं देऊळ दणाणून सोडलं. घरी येऊन वहिनीच्या हातात काथ्याचा दोर दिला. "माका खांबाक बांध गो. मी कितीय आरडलंय तरी सोडू नको." पुढचे कित्येक दिवस तो खांबाला बांधलेला होता. थरथरायचा, ओकायचा, आम्हा दोघींना आईवरून शिव्या घालायचा, खांबावर डोकं आपटून रक्त काढायचा... दोर सोडा असं मात्र एकदाही म्हणाला नाही. निश्चय पाहावा तर तो. गावात सगळे म्हणाले, सुटला हा.

पण कसला सुटतोय! पावसाळ्यासाठी गलबतं किनाऱ्यावर ओढली होती, दादा घरीच होता. दुपारी जेवून तो चटईवर आडवा होई. झोप लागली की त्याचा उजवा हात पेला धरल्यासारखा वळे, तोंडाशी जाई आणि गळा घटाघट हले. मग तो उठे तो झिंगलेलाच. डोळे तांबडे, पाय भेलकांडलेले, आणि समोर जी येईल तिला मार. पहिल्यांदा आम्हाला वाटलं की चोरून पितो. मी त्याच्या तोंडाजवळ नाक नेऊन वास घेतला, तर नुसता सोलकढीचा वास. थेंब न घेता माणूस झिंगत होता. शिक्षिकेच्या परीक्षेसाठी मी 'सुप्त मन' हा शब्द पाठ केला होता, मार्कही मिळवले होते. त्याचा अर्थ मला त्या पावसाळ्यात कळला. देवाला वचन दिलं होतं ते जाग्या दादानं. झोपलेल्या दादाला कोणी विचारलंच नव्हतं.

हे वहिनीला माझ्याआधी कळलं, आणि ती चौथीसुद्धा शिकलेली नव्हती. एका दुपारी मी पडवीतून पाहिलं, तर ती झोपलेल्या दादाच्या कानाशी वाकून पुटपुटत होती. "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराची दारूची तान काढून घे रे म्हाराजा..." आणि दादा, मिटल्या डोळ्यांनी, आतून कुठून तरी म्हणाला, "व्हय म्हाराजा." जन्मभराची सवय ती. गाऱ्हाणं ऐकलं की होकार द्यायचा, जाग असो नसो. वहिनीनं ते रोज केलं. हात वळला की तो धरून ठेवायची, कधी त्याच हाताचा गुद्दा खायची, आणि पुन्हा कानाशी लागायची. चार महिन्यांनी, गलबतं पाण्यात लोटायच्या सुमारास, दादाचा गळा हलायचा थांबला. त्यानंतर मरेपर्यंत त्यानं दारू घेतली नाही आणि कोणावर हात उगारला नाही. वहिनीचा डावा हात मागे जात नसे, म्हणून घरी असला की हा तांडेल तिची वेणी घालायचा. इतकी घट्ट की तिचे डोळे ताणले जायचे. "दोर न्हय तो, केस आसत!" असं ती ओरडायची. मी त्याला माफ केलं का? नाही. पण वेणी घालताना तो दिसला की मला त्याच्याबद्दल माया वाटायची, आणि त्या मायेचा मला रागही यायचा.

तेराव्यानंतर एका दुपारी वहिनीनं मला जवळ बसवलं. "बाय, त्येच्या कानाक लागलंय त्या पयल्या दिवशी मी दारूचा मागूक नाय."

"मग काय मागलंस?"

"पोटातलो झील गेल्लो माझो. माका दुसरा काय सुचाक नाय. कानाकडे गेलंय नि म्हटलंय, बा देवा म्हाराजा, ह्येका निजेत उचल." तिनं चटईची एक काडी उपटली. "तो माका व्हय म्हाराजा म्हणालो गो. पोरान म्हणूचा तसो म्हणालो. मगे दुसऱ्या दिवशी मागणा बदललंय. पण पयला परत घेवक इसारलंय."

मी चिडले. देव काय पोस्टमन आहे, इतक्या वर्षांनी पत्र आणून द्यायला, असं बोलले. ती हसली नाही. उलट म्हणाली, "निजेतच गेलो मा तो?" दुसऱ्या दिवसापासून दुपारी मीच गाऱ्हाणं घालू लागले. बायका गाऱ्हाणं घालत नाहीत, पण आमच्या घरात ते केव्हाच मोडलं होतं. "बा देवा म्हाराजा, तुझ्या लेकीन रागान मागलेला माघारी घे रे म्हाराजा." होकाराशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. वहिनी दादाच्या चटईवर बसून ऐकते, तोंड उघडते, आणि मिटते. रोज असंच.

काल ती त्या चटईवर बसल्याबसल्या कलंडली आणि झोपली. वाकडा हात छातीशी घेऊन. मी तिच्या कानाशी वाकले आणि तेच मागणं हळू आवाजात घातलं. तिचे ओठ हलले. "व्हय म्हाराजा."

ती उठल्यावर मी तिला हे सांगितलं नाही. जागेपणी ती अजून म्हणत नाही. मला घाई नाही, दादालासुद्धा चार महिने लागले होते.