गाळलेले ठिपके

मावसबहिणीचं लग्न उरकून शुभदा कोन गावाहून परतली आणि पाहते तो काय, तिचा आलेख पापणी लवायच्या आत पडद्यावर उभा राहत होता.

१९९७ साल होतं. भिवंडीत रहमतुल्लाशेठच्या कारखान्यात प्रत्येक लूमला, म्हणजे विजेवरच्या मागाला, वेग मोजणारं एक यंत्र बसवलं होतं. ते दर सेकंदाला आकडा कॉम्प्युटरकडे पाठवायचं आणि शुभदाचा प्रोग्राम प्रत्येक आकड्याचा ठिपका मांडून प्रत्येक लूमची एक रेघ काढायचा. सबंध शिफ्टच्या सगळ्या रेघा मागितल्या की कॉम्प्युटर धापा टाकायचा. पडद्यावर दुसरी खिडकी उघडून मिटली की आलेखाची पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शेठ हसायचे, "बेटी, तेवढ्यात अख्खा तागा विणून होतो!" ते हसणं तिला झोंबायचं.

"काय केलंत सर?" तिनं शरच्चंद्रांना विचारलं. कॉम्प्युटरचं ऑफिस त्यांचं, ती त्यांच्याकडे नोकरीला.

"दहातला एकच ठिपका घेतला, बाकीचे गाळले. शेठ खूश! तू उगाच डोकं फोडत बसली होतीस."

दुपारी ती कारखान्यात गेली तेव्हा तिथला जुना विणकर हसन फाटकाबाहेर उभा होता. ऐन शिफ्टच्या वेळेला, इस्त्रीच्या शर्टात.

"मॅडम, तुमच्या टीव्हीनं माझी नोकरी खाल्ली," तो म्हणाला.

हसन सांगत होता की मध्येच सेकंदभर वीज दबते, सगळे लूम एकदम अडखळतात, धागे तुटतात, कापडावर पट्टे येतात. शेठनी आलेख उघडला, तर रेघा सरळसोट. मग हसन कामावर झोपा काढतो असं ठरलं आणि त्याला सगळ्यांदेखत काढून टाकलं.

शुभदा तडक ऑफिसात आली.

"सर, तो झटका सेकंदाचा होता. तुम्ही गाळलेल्या ठिपक्यांत गेला तो!"

"एका विणकरासाठी आलेख पुन्हा रडतखडत चालवू? शेठसमोर माझी शोभा?"

"हळू चालेल, खोटा नको."

"मग खरा आणि झटपट, दोन्ही करून दाखव. नाहीतर गप्प बस."

ती बसली खरी, पण गप्प नाही. कीबोर्ड असा बडवत होती की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघत होती. पडद्याची रुंदी काहीशे उभ्या पट्ट्यांची, आणि शिफ्टचे सेकंद हजारो. म्हणजे एकाच उभ्या पट्टीत कितीतरी ठिपके एकमेकांवर पडत होते, कॉम्प्युटर त्याच जागेला पुन्हा पुन्हा रंग फासत होता! तिनं प्रत्येक पट्टीतला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा ठिपका ठेवला, दोघांमध्ये एक उभी रेघ ओढली. सगळं चित्र आधी आतल्या आत तयार करून मग एकदम पडद्यावर टाकलं. आलेख सरांच्याइतकाच झटपट आला, आणि एकही झटका सुटला नाही.

नवा प्रोग्राम घेऊन ती सरांबरोबर कारखान्यात गेली. सरांनी ठिपके फक्त रेघ काढताना गाळले होते, सगळे आकडे तिथल्या कॉम्प्युटरमध्ये होतेच. तिनं शेठसमोर हसनच्या शेवटच्या शिफ्टचे उघडले. सगळ्या लूमच्या रेघा एकाच जागी खाली कोसळल्या होत्या. थोडं पुढे पुन्हा. मग पुन्हा.

शेठनी त्या खड्ड्यांवर एकेक करून बोट ठेवलं. "हे आधी का नाही दिसलं?"

शरच्चंद्र घाईनं म्हणाले, "शुभदाच्या प्रोग्राममध्ये जरा चूक राहिली होती."

"माझ्या नाही," शुभदा म्हणाली. "मी रजेवर असताना सरांनी ठिपके गाळले."

शेठनी हसनला बोलावून घेतलं. त्यानं पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"उद्यापासून ये," शेठ म्हणाले.

"तोंडानं सांगत होतो तवा ऐकलं न्हाय. आता रेघ बोलली, ती खरी? मी पडघ्याला गोदामात लागलोय. तिथंच बरा हाय."

तो गेला. शुभदाकडेही वळून बघितलं नाही त्यानं, आणि तिला त्याचा राग आला नाही. पुढच्या आठवड्यात विजेच्या मुख्य फळ्यावरचा एक ढिला जोड सापडला. कापडावरचे पट्टे थांबले. हसनच्या लूमवर दुसराच माणूस उभा राहिला.

शेठना आलेख दाखवला त्याच दिवशी, कारखान्यातून परतल्यावर ऑफिसच्या दारात शरच्चंद्र म्हणाले, "शेठसमोर बोलायची काय गरज होती?"

"हसनला चारचौघांतच काढलं होतं, सर."

ती आत गेली आणि इतर गिऱ्हाइकांना द्यायच्या प्रोग्राममधूनही ती दहातला एक ठिपका घेणारी ओळ उडवून टाकली. सरांना विचारलं नाही.