जिताडा मागे येतो

त्यांचा उजवा तळहात सरळ रेषेत कधी गेलाच नाही. चहाचा कप उचलायचा असो की कुणाला रस्ता सांगायचा असो, हात आधी डावीकडे झुकणार, क्षणभर अडणार आणि मग उजवीकडे वळणार. तोंडाने बारीक आवाजात चालूच असायचं, "असं... थांबायचं... आणि असं." पनवेल स्टेशनचा रस्ता ज्यांनी त्यांना विचारला, त्यातले निम्मे लोक अजून खांदा कॉलनीत फिरत असतील. बघणाऱ्याला वाटायचं, गृहस्थ लहानपणी नाच शिकलेले दिसतायत. गृहस्थ मासा दाखवत असायचे.

मी दातांची डॉक्टर आणि काका माझ्या कवळ्या करणारे. म्हणजे माझ्या पेशंटांच्या. बावीस वर्षं मी मापं पाठवली आणि त्यांनी दात पाठवले. नवीन पनवेलमध्ये दोन खोल्यांची त्यांची लॅब होती. एका खोलीत दात आणि दुसरीत मासे. दुसऱ्या खोलीत पेशंटांनी जाऊ नये असा नियम होता, पण ते स्वतःच हाताला धरून सगळ्यांना तिकडे घेऊन जायचे.

हे मासे लाकडाचे, गळाला आमिष म्हणून लावायचे. पांगाऱ्याचं हलकं लाकूड तासून, पोटात थोडं शिसं भरून केलेले, हातभर लांब आणि मध्ये बिजागरी. पाण्यातून ओढला की तो डोकं एकीकडे आणि शेपूट दुसरीकडे टाकत नागमोडी जायचा. रंग असा की खवले मोजावेत. डोळ्यांना काकांनी दातांचं पोर्सिलेन वापरलेलं, त्यामुळे ते मासे माझ्या बऱ्याच पेशंटांपेक्षा जास्त चकाकायचे. काही मासे मऊ असत, सिलिकॉनचे. पण काकांकडे रंग एकच शिल्लक असायचा, हिरडीचा. तो गुलाबी मासा हातात घेतला की मला उगाच त्याला चूळ भरायला सांगावंसं वाटे.

एकदा एक निवृत्त हेडमास्तर माझ्या खुर्चीत आ करून बसले होते. नवी कवळी बसवायची होती. मी लॅबमधून आलेला डबा उघडला आणि आतून तो गुलाबी मासा माझ्याकडे बघत होता. हेडमास्तरांनी आ तसाच ठेवून विचारलं, "हा माझा?" मी काकांना फोन लावला, तर पलीकडून आवाज आला, "डॉक्टर, देवासारखा फोन केलात. मी तळ्यावर उभा आहे आणि दोरीला काय बांधू? माझ्याकडे यांचे दात आलेत."

तळं म्हणजे विचुंब्याच्या पुढचं, गावाचं. आता त्याच्या तीन बाजूंनी टॉवर उठलेत आणि चौथ्या बाजूला हसुराम बसतो. हसुराम तळ्याचा राखणदार. त्याच्या बापाने कधीतरी खाडीतून जिताड्याची पिल्लं आणून या तळ्यात सोडली होती. आपल्या रायगडात जिताड्याचं काय स्थान आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे. व्याह्याचा राग घालवायला आमच्याकडे सोनं लागत नाही, एक बरा जिताडा पुरतो. तर त्या पिल्लांतला एक आडदांड जिताडा तळ्यात उरला होता आणि काकांना तो हवा होता. खायला नाही. एकदा हातात धरायला. धरून परत सोडायला. तसा त्यांचा हसुरामशी करारच होता.

पहिल्या दिवशी हसुरामने तो हातभर लाकडी मासा बघितला आणि विचारलं, "काका, यो मासा पकडाला आनलाय का पकडून आनलाय?"

"पकडायला."

"जिताड्याला कोलंबी लागते. लाकूड नाय लागत. त्याला काय घर बांधाचा हाय?"

"हसुराम, मोठ्याला मोठंच दाखवावं लागतं," काका म्हणाले. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सोसायटीच्या सभेतही ते हेच म्हणत, फक्त तिथे त्याचा अर्थ कुणाला लागत नसे.

जिताडा मात्र त्या लाकडावर भाळला. भाळला म्हणजे मागे यायला लागला. काका मासा लांब फेकायचे, हळूहळू ओढायचे, आणि कधी दोन महिन्यांनी, कधी चार महिन्यांनी त्यामागे पाण्यात एक काळी सावली दिसायची. ती थेट बांधापर्यंत येई, लाकडाला नाक लावल्यासारखं करी आणि शांतपणे वळून जाई. काका आनंदाने घामेघूम. मला फोन यायचा, "मागे आला होता!"

"घेतला?"

"घेत नाही हो. पण आला होता!"

मी म्हणायचे, काका, असे माझ्याकडेही खूप येतात. दर विचारतात, खुर्ची बघतात आणि परत जातात. त्याला मी प्रॅक्टिस चालली असं म्हणत नाही. त्यावर ते हात नागमोडी फिरवायचे. "चुकतंय ते थांबण्यात. ओढायला कुणालाही येतं. मधे थांबायचं किती, ते मला जमत नाहीये. मासा मागे दिसला की माझा हात थांबतच नाही. हावरटपणा."

काका बेने इस्रायली. पनवेलला ते सांगावं लागत नाही, पण तुमच्यापैकी कुणी लांबचं असेल म्हणून सांगते, हे आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. पूर्वी यांचे तेलाचे घाणे असत आणि शनिवारी ते बंद असत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. शुक्रवारी सूर्य मावळला की यांचा शब्बाथ सुरू, तो शनिवारी रात्र पडेपर्यंत. तेवढ्या वेळात काकांनी कधी कवळीही केली नाही आणि गळही टाकला नाही; दुसऱ्याला करायला सांगणंही त्यात बसत नसे. शनिवारी ते रिकाम्या हातांनी तळ्यावर चालत जायचे. आणि तो जिताडा नेमका शनिवारी भर तळ्यात उड्या मारायचा. हसुराम म्हणायचा, "त्याला कॅलेंडर समजतंय, काका."

मी एकदा छेडलं, "काका, तुम्ही बाकी नियमांत एवढे कडक नाही. इथेच का?"

ते जरा लाजले. "खरंय, बाकी मी ढिलाच. पण डॉक्टर, आमच्या पणजोबांनी अख्खा घाणा थांबवला, बैलासकट. मला गळाचं एक रीळ थांबवता येऊ नये?"

मग त्यांचं जायचं ठरलं. मुलगी तिकडे इस्रायलमध्ये, काकूंचे गुडघे गेलेले, नातवंडं फोनवरच मोठी होत चाललेली. नाही म्हणण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून त्यांनी नाही म्हटलं नाही. लॅब विकली. मासे मात्र एकेक करून कागदात गुंडाळत बसले. बुधवारचं विमान होतं. "एकदा धरला असता तर बरं झालं असतं," असं ते माझ्याकडे साधारण वीस वेळा म्हणाले, आणि दर वेळी असं, की जणू आत्ताच आठवलंय.

जायच्या आधीच्या शुक्रवारी दुपारीच दवाखाना बंद करून मी त्यांच्याबरोबर तळ्यावर गेले. त्यांच्या घड्याळात शुक्रवारचे दोन गजर लावलेले असत. पहिला घरी निघायचा, दुसरा सूर्य मावळण्याचा. पहिला वाजला की ते सामान आवरत, कारण शब्बाथ लागल्यावर ते माझ्या स्कूटरवरही बसत नसत. त्या दिवशी पहिला गजर वाजला आणि काकांनी तो ऐकलाच नाही. म्हणजे ऐकला. मी त्यांचा चेहरा बघत होते.

त्यांनी आणखी एकदा मासा फेकला. टॉवरच्या सावल्या पाण्यावर आल्या होत्या. लाकूड डावीकडे, मग उजवीकडे, असं अर्ध्यावर आलं आणि त्यामागे ती सावली. मी पहिल्यांदाच बघत होते. मला आधी वाटलं, कुणाची म्हैस पाण्यात बुडून चालली आहे. हसुराम उठून उभा राहिला. काकांच्या हनुवटीवरून घाम टपकत होता. सावली हातभर अंतरावर आली, आणखी जवळ आली, आणि घड्याळाचा दुसरा गजर वाजला.

काका थांबले.

मी म्हटलं, "काका! अजून उजेड आहे!" त्यांनी रॉड बांधावर आडवा ठेवला, दोन पावलं मागे सरकले आणि हात पाठीमागे बांधले. पाण्यात तो लाकडी मासा होता तिथेच थांबला आणि मेल्यासारखा हळूहळू खाली जायला लागला. इतकं पूर्ण थांबणं काकांना आजवर कधी जमलं नव्हतं. त्या जिताड्यानेही ते पाहिलं असणार. कुणी पाण्यात धोंडा टाकावा तसा आवाज झाला आणि रॉड बांधावरून सरसरत पाण्याकडे निघाला.

मी त्याच्यावर पडले. दुसरा शब्द नाही. आयुष्यात मी मासा फक्त बाजारातून आणलेला, तोही साफ करून. चिखलात पाय रुतलेले, ओढणी तोंडात, आणि पलीकडून अख्खं तळं ओढतंय असं वाटावं. मी ओरडले, "काका, सांगा ना, काय करू?"

काका टॉवरकडे बघत होते. ते सावकाश म्हणाले, "रॉडचं टोक वर असलं की मासा लवकर दमतो, असं मी कुठंतरी वाचलंय."

मी टोक वर केलं.

"मासा पळत असताना लोक रीळ फिरवतात आणि दोरी तोडतात. वाईट सवय."

मी हात काढला.

"चिखलात खाली बसलेल्या माणसाचा तोल सहसा जात नाही."

मी बसले. हसुराम हसता हसता कमरेपर्यंत पाण्यात उतरला आणि त्याने जाळीत धरून जिताडा बांधावर आणला. मी त्याची लांबी सांगणार नाही, तुम्ही विश्वास ठेवणार नाही. एवढंच सांगते की तो जाळीत अर्धाच मावला होता. गळ काढला तेव्हा लाकडी माशाची शेपूट गेलेली होती.

"काका, हात तरी लावा," हसुराम म्हणाला. "यो तुमचाच हाय. कोन बघतंय हितं?"

काका गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी माशाच्या अगदी जवळ तोंड नेलं. हात पाठीमागेच होते, एकमेकांना इतके घट्ट धरलेले की बोटं पांढरी पडली होती. जिताड्याचा डोळा सोनेरी होता. आम्ही दात बघणारी माणसं, आम्हाला जबडा लगेच कळतो. काकांचा जबडा थरथरत होता.

"बघतोय ना," ते म्हणाले. "पुरे. फार वेळ पाण्याबाहेर राहिलेला मासा जगत नाही म्हणतात."

मी आणि हसुरामने तो उचलून पाण्यात ठेवला. क्षणभर तो तसाच राहिला, मग गेला.

घरापर्यंत ते चालत आले आणि मी शेजारून स्कूटर ढकलत. वाटेत फक्त एकदा बोलले, "मी तुम्हाला काही सांगत नव्हतो हं मघाशी." मी म्हटलं, छे, आपण हवापाण्याच्या गप्पा मारत होतो.

रविवारी ते दवाखान्यात आले. हसुरामकडे राहिलेला रॉड आणि शेपूट तुटलेला मासा माझ्या टेबलावर ठेवला. मी सरळच विचारलं, कारण मला तीच एक गोष्ट दोन दिवस खात होती.

"वाईट वाटलं का, काका?"

"फार," ते म्हणाले. "झोप लागली नाही. उठून बसलो, हात बघत बसलो. एवढी वर्षं, डॉक्टर! आणि तो समोर पडलेला."

"आणि परत तसंच झालं तर?"

त्यांनी विचार केला. खरंच केला. "तर परत वाईट वाटून घेईन."

बुधवारी ते गेले. आता माझ्या कवळ्या वाशीहून येतात. बरोबर येतात, डब्यात दुसरं काही निघत नाही, आणि डबा उघडताना मला दर वेळी थोडं वाईट वाटतं. काकांचे फोनवर निरोप येतात. एकदा म्हणाले, "इथे समुद्र आहे, मासे आहेत. पण शनिवारी इथे गावच्या गाव बंद. सगळेच थांबलेले. मी थांबलो हे कुणाच्या लक्षातही येत नाही हो."

मी शुक्रवारी संध्याकाळी तळ्यावर जाते. हसुराम माझ्या फेकण्याला हसतो आणि म्हणतो, "डॉक्टरीनबाय, तुमी दातच काढा." कधीतरी सावली येते, बांधापर्यंत येते आणि वळते. मला थांबणं जमत नाही. मी काकांना तिथूनच निरोप पाठवते, "आज मागे आला होता." तिकडून शनिवार पूर्ण संपेपर्यंत काही येत नाही. मग फोन वाजतो, आणि दर वेळी एकच प्रश्न असतो, "किती जवळ?"