मामा आणि कोलवाळचा पूल

गेल्या महिन्यात सकाळी शाळेत शिकवायला निघता निघता मामीचा फोन आला. "तुजो मामा गेलो रे..." एवढंच ती बोलू शकली. हृदयविकाराचा झटका. डिचोलीहून पेडण्याला पोचेपर्यंत दुःखाआधी एक वेगळीच धास्ती माझ्या मनात घर करून बसली होती. छातीत दुखू लागल्यावर मामाने ते जुनंच भीतीचं दुखणं समजून ते ओसरायची वाट तर पाहिली नसेल?

रमाकांतमामा पेडणे-म्हापसा मार्गावर स्वतःची बस चालवायचा. एके दिवशी भरल्या बसनिशी कोलवाळच्या पुलावर त्याचा श्वास अडकला. हातांना मुंग्या आल्या, शर्ट घामाने भिजला, काळीज आता बंद पडणार अशी त्याची खात्रीच झाली. पुलाच्या मधोमध त्याने बस थांबवली. मागे हॉर्नचा गोंगाट, खाली नदी... इस्पितळात तपासण्या झाल्या, हृदय ठणठणीत निघालं. पण दुसऱ्या दिवशी पूल नुसता दिसला आणि पुन्हा तेच. मग बसवर दुसरा ड्रायव्हर आला, मामा घरी बसला. पुढे पुढे तर दुसऱ्याच्या गाडीतूनही तो पूल ओलांडेना. इकडे पुलापलीकडे डिचोलीला माझी आई, त्याची एकुलती बहीण, अंथरुणाला खिळलेली. ती विचारायची, "रमाकांत येवंक ना?" आम्ही काहीबाही सांगून वेळ मारून न्यायचो.

शेवटी मामी त्याला मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्या म्हणाल्या, "पळालो म्हणून वाचलो, असं तुमच्या मनाने धरलंय. थोडं थोडं करून पुलाजवळ जा. भीती आली की तिथंच थांबा. ती चढते तशी उतरतेही, हे अंगाला कळू दे." सुट्टीच्या दिवशी मी सोबतीला जाऊ लागलो. आधी आम्ही अंगणात उभ्या बसमध्ये नुसते बसलो, मग इंजिन चालू करून बसलो, मग पूल दिसतो त्या वळणापर्यंत गेलो. तिथं मामाचे ओठ पांढरे पडले. "परत वचूंया रे," तो म्हणाला. खरं तर मलाही परतायचंच होतं... याला खरोखर काही झालं तर? तो स्टिअरिंग घट्ट धरून बसून राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "उतरली मरे थोडी."

पुढे तो पूल पायी ओलांडू लागला, मग रिकाम्या बसने, मी शेजारी असताना. मध्येच एकदा सगळं बिघडलं आणि मामा कित्येक दिवस घराबाहेर पडला नाही. पुन्हा त्या वळणापासून सुरुवात. आणि एका दुपारी, कुणाला न सांगता, आमच्या अरुंद रस्त्यात त्याची अख्खी बस येऊन उभी राहिली. तो आईच्या उशाशी बसला, शर्ट पाठीला चिकटलेला.

"भियेलो रे?" आईने विचारलं.

"भियेलों. पूण आयलों."

आई असेपर्यंत तो येत राहिला. बसही पुन्हा स्वतः चालवू लागला. भीती पुरती कधीच गेली नाही, कधीमधी ती पुलावर भेटायचीच, आणि तिच्यासकट तो पलीकडे जायचा.

म्हणूनच ती धास्ती. मी मामीला भीत भीत विचारलं. ती म्हणाली, "चहा घेताना छातीवर हात ठेवलान आणि लगेच तो म्हणालो, 'हें तें न्हय. तेका हांव वळखतां. गाडी आपय.'" तिने बोलावलेली गाडी आली, पण वाटेतच... म्हणजे तो थांबला नव्हता. स्वतःची भीती त्याला इतकी ओळखीची झाली होती की दुसरं दुखणं त्याने तात्काळ वेगळं काढलं. ते ऐकलं आणि मग मला रडू आलं.

सकाळच्या फेरीत पूल ओलांडला की मामा पलीकडून मामीला फोन करायचा. "पावलों," पोचलो, एवढंच. आजही त्या वेळेला ती हातातलं काम टाकून फोन मांडीवर घेऊन बसते. तेरावं झाल्यावर परतताना मी पुलावर आलो तेव्हा माझेच तळहात घामेजले होते. पलीकडे गाडी कडेला घेतली आणि फोन लावला.

"पावलों," मी म्हटलं.

ती म्हणाली, "बरें जालें. आतां सावकाश वच."